रुग्णाला काय आहे आणि रुग्णाकडे काय आहे

होमिओपॅथीच्या डॉक्टरने प्रोग्रामिंगवर लिहावे, आणि तेही साहित्यसंस्थेच्या व्याख्यानमालेच्या पुस्तकात, याचे आपल्याला नवल वाटणे साहजिक आहे. मी संगणकतज्ज्ञ नाही. बी.एच.एम.एस. झाल्यापासून बेळगावात दवाखाना चालवते. १९९७ साली, निव्वळ गरज म्हणून, दवाखान्यापुरता एक प्रोग्राम मी स्वतः लिहिला होता. तो लिहिताना जी गोष्ट शिकावी लागली ती इंग्रजी पुस्तके वाचून माझ्या डोक्यात शिरली नाही. ती शिरली मराठीच्या विभक्तीतून, आणि त्याआधी एका मोठ्या चुकीतून. आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी नातवंडे हाच विषय शिकत आहेत. ती काय शिकतात हे आजी-आजोबांना कळायला हरकत नाही, म्हणून हा विषय इथे मांडते.

आमच्या शास्त्रात केसपेपर लांबलचक असतो. तक्रार काय, ती कधी वाढते, तहान कशी, झोप कशी, थंडी सोसते की उकाडा, आई-वडिलांना कोणते आजार होते, लहानपणी काय काय होऊन गेले, सगळे लिहायचे. माझी दोन लोखंडी कपाटे भरली होती आणि रुग्ण दारात उभा असताना त्याचा कागद सापडेना अशी वेळ यायला लागली. माझा भाचा तेव्हा इंजिनिअरिंग कॉलेजात होता. दिवाळीच्या सुट्टीत त्याने मला निळ्या पडद्याचे टर्बो सी प्लस प्लस शिकवले आणि सुट्टी संपताच निघून गेला. पुढचे सगळे प्रयोग माझे मीच केले. चुकाही माझ्याच.

पहिली गोष्ट सोपी आहे. छापखान्यातून आणलेला केसपेपरचा कोरा नमुना, ज्यावर फक्त रकाने असतात, तो म्हणजे क्लास. एखाद्या रुग्णाचे नाव घालून तो भरला की जो तयार होतो तो ऑब्जेक्ट. नमुना एक, भरलेले कागद हजार. फरक एवढाच, की प्रोग्रामातला कागद नुसती माहिती धरून बसत नाही, त्याला कामेही सांगता येतात: वय काढ, पुढची तारीख सांग, पत्ता छाप.

आता रकान्यांकडे या. माझ्या पहिल्या नमुन्यात जन्माचा दिवस, महिना आणि वर्ष असे तीन आकडे होते. पहिल्या भेटीचे तीन, पुढच्या भेटीचे तीन. एकूण नऊ आकडे. चुकून ३१ फेब्रुवारी टाइप झाली तर अडवायला हवे, म्हणून ती तपासणी तीन ठिकाणी लिहिली. लीप वर्षाचा हिशेब तीन ठिकाणी. त्यातल्या एका ठिकाणी तो चुकला होता, हे मला पुढच्या २९ फेब्रुवारीपर्यंत कळण्याचे काही कारण नव्हते. भाच्याने ते पाहिले आणि म्हणाला, “मावशी, तारीख हीसुद्धा एक वस्तूच आहे ना? तिचा वेगळा नमुना कर आणि तो या नमुन्यात तीनदा बसव.”

या लेखाचा विषय तो एवढाच. एका क्लासमध्ये दुसऱ्या क्लासची वस्तू घटक म्हणून बसवायची. इंग्रजीत तिला मेंबर ऑब्जेक्ट म्हणतात. मी दुरुस्त केलेला नमुना आपल्या लिपीत असा दिसेल:

क्लास रुग्ण {
  तारीख जन्मतारीख;
  तारीख पहिलीभेट;
  तारीख पुढचीभेट;
  पत्ता घर;
  पूर्वेतिहास इतिहास;
};

डावीकडचा शब्द वस्तूचा प्रकार सांगतो, उजवीकडचा त्या घटकाचे नाव. दिवस-महिन्याचे सगळे शहाणपण आता ‘तारीख’ या क्लासमध्ये गेले. रुग्णाच्या नमुन्याला त्याच्याशी देणेघेणे उरले नाही. तो फक्त विचारतो, ‘बाई, आज किती वर्षे झाली?’ आणि तारीख उत्तर देते.

याचा फायदा मला १९९९ मध्ये कळला. वर्ष मी दोनच आकड्यांत ठेवले होते. १९५२ साठी ५२. साल २००० उजाडले की शून्यातून ५२ वजा होणार आणि रुग्णाचे वय उणे ५२ दिसणार. जगभर त्या वर्षी या कारणाने धावपळ चालली होती. माझ्या प्रोग्रामात मला एकच क्लास बदलावा लागला. ‘रुग्ण’ला हातही लावावा लागला नाही. फ्लॉपीवरच्या जुन्या नोंदी मात्र एकदा बसून बदलून घ्याव्या लागल्या. त्यातून सुटका नव्हती.

तारखेने आणखी एक गोष्ट शिकवली. आपल्या मागच्या पिढीतल्या निम्म्या लोकांची जन्मतारीख १ जून असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती घातलेली असते. काही आजी तर ‘धाकट्या दिराच्या लग्नात मी पाळण्यात होते’ एवढेच सांगत. म्हणून ‘तारीख’मध्ये मी ‘अंदाजे’ अशी एक खूण वाढवली. तीसुद्धा एकाच जागी वाढवली आणि तिन्ही तारखांना मिळाली.

या टप्प्यावर माझा आत्मविश्वास वाढला, आणि मी पहिली मोठी चूक केली. निपाणी, खानापूर, चंदगडकडच्या रुग्णांना मी औषधाच्या पुड्या पोस्टाने पाठवत असे. ‘पत्ता’ या क्लासमध्ये पाकिटावर पत्ता छापण्याची सोय मी मोठ्या हौसेने केली होती. ती सोय रुग्णाला आयती मिळावी म्हणून मी ‘रुग्ण’ हा क्लास ‘पत्ता’ या क्लासचा वारस केला. वारसा, म्हणजे इनहेरिटन्स, ही या पद्धतीतली दुसरी मोठी युक्ती. ज्याचा वारसा घ्याल त्याची सगळी कामे आयती येतात. कंपायलरने हूं की चूं केले नाही. प्रोग्राम चालला, पाकिटे छापली गेली.

पण वारशाचा अर्थ काय होतो ते पाहा. ‘होमिओपॅथ हा डॉक्टर आहे’ हे वाक्य बरोबर आहे, म्हणून डॉक्टरचा वारसा होमिओपॅथने घ्यावा. माझ्या प्रोग्रामाचे म्हणणे मात्र असे होते, की ‘रुग्ण हा पत्ता आहे’. हे हास्यास्पद आहे एवढेच नाही, ते अडतेही. एक मुलगी बाळंतपणासाठी माहेरी बेळगावात आली. एरवी ती कोल्हापूरला सासरी. चार महिने पुड्या खडेबाजारात पाठवायच्या, नंतर पुन्हा कोल्हापुरात. तिला दोन पत्ते हवे होते, आणि एका क्लासचा वारसा थेट दोनदा घेता येत नाही. घटक मात्र हवे तितके बसवता येतात: ‘पत्ता माहेर; पत्ता सासर;’. मुलीच्या दोन घरांनी माझा वारसा मोडीत काढला.

ही चूक मी एकटीनेच केली असे नाही. क्लास, वस्तू आणि वारसा या कल्पना ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमधल्या ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगॉर्ड यांनी घडवलेल्या सिम्युला ६७ या भाषेत एकत्र आल्या. अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये ब्यार्ने स्ट्रूस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये त्या सी भाषेत आणायला सुरुवात केली, आणि १९८३ मध्ये त्या भाषेला सी प्लस प्लस हे नाव पडले. वारसा नवा आणि देखणा असल्याने लोकांनी तो जिथे तिथे वापरला. १९९४ मध्ये गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस या चौघांचे ‘डिझाइन पॅटर्न्स’ हे पुस्तक आले, आणि त्यात स्पष्ट सल्ला होता, की वारशापेक्षा घटक जोडून वस्तू घडवण्याला पसंती द्या. ते पुस्तक माझ्या हातात फार उशिरा पडले.

आता व्याकरणाकडे येते. इंग्रजी पुस्तकांत यासाठी एक सोपी कसोटी दिलेली असते. वाक्यात ‘इज’ बसते की ‘हॅज’, ते पाहा. ‘इज’ बसले तर वारसा, ‘हॅज’ बसले तर घटक. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला ते पटकन कळते. मी मराठी शाळेत शिकलेली. मराठीत ‘हॅज’साठी वेगळे क्रियापदच नाही! ‘रुग्ण माणूस आहे’ आणि ‘रुग्णाला पत्ता आहे’. दोन्हीकडे ‘आहे’च. मला कित्येक दिवस वाटत राहिले, की आपली भाषा या बाबतीत तोकडी आहे.

तसे नाही. आपल्याकडे ते काम क्रियापद करत नाही, नाम आपल्या शेपटीने करते. आणि नाम ते इंग्रजीपेक्षा बारकाईने करते. पुढची वाक्ये मोठ्याने म्हणून पाहा.

‘मला दोन हात आहेत.’ ठीक. ‘माझ्याकडे दोन हात आहेत.’ हे कानाला खटकते. जणू पिशवीत घालून आणलेत. उलट, ‘माझ्याकडे छत्री आहे’ हे ठीक, आणि ‘मला छत्री आहे’ असे कोणी म्हणणार नाही. ‘घराला तीन दारे आहेत’, पण ‘पाटलांकडे चार म्हशी आहेत’. माझ्या दवाखान्यात दिवसभर लोक हा भेद पाळत असतात. ‘मला मधुमेह आहे, रिपोर्ट माझ्याकडे आहे.’ आजाराला ‘ला’, कागदाला ‘कडे’. कोणीही शिकवलेले नसताना एकही रुग्ण यात चुकत नाही. आमच्या भागात कन्नड बोलणारे रुग्णही तितकेच असतात. त्यांच्याही भाषेत ‘ननगे इब्बरु मक्कळु इद्दारे’, म्हणजे मला दोन मुले आहेत, आणि ‘नन्न हत्तिर छत्री इदे’, म्हणजे माझ्याजवळ छत्री आहे. शब्द वेगळे, भेद तोच.

इंग्रजी ‘हॅज’ने हे दोन्ही एकाच पोत्यात भरले. आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याला नेमका तोच भेद हवा असतो. जो घटक वस्तूच्या अंगाचा आहे, तिच्याबरोबर जन्मतो आणि तिच्याबरोबर संपतो, तो ‘ला’चा. जी वस्तू स्वतंत्र आहे, आज माझ्याकडे आहे, उद्या दुसऱ्याकडे असेल किंवा एकाच वेळी दोघांकडे असेल, ती ‘कडे’ची. पुस्तकी भाषेत पहिल्याला कॉम्पोझिशन म्हणतात आणि दुसऱ्याला ॲग्रिगेशन. ही नावे मला आजही उलटसुलट होतात. ‘ला’ आणि ‘कडे’ होत नाहीत.

एक अपवाद सांगून टाकते, नाहीतर एखादे व्याकरणाचे जाणकार मला पत्र लिहितील. ‘मला दोन भाऊ आहेत’ यातही ‘ला’ आहे, आणि भाऊ काही माझ्या अंगाचा भाग नव्हे. नात्यांच्या बाबतीत आपली भाषा मायेने बोलते, हिशेबाने नाही. तेव्हा ही कसोटी आंधळेपणाने लावू नका. पण नाते सोडले तर ती क्वचितच फसते.

सी प्लस प्लसमध्ये या दोन गोष्टी लिहिण्याचे दोन वेगळे मार्ग आहेत. वर दाखवला तसा ‘तारीख जन्मतारीख;’ असे लिहिले की ती तारीख रुग्णाच्या पोटातच असते. दुसरा मार्ग पॉइंटरचा. पॉइंटर म्हणजे वस्तू नव्हे. वस्तू कुठे ठेवली आहे ते सांगणारी चिठ्ठी. रुग्णाच्या पोटात फक्त चिठ्ठी, वस्तू भलतीकडे. १९९५ साली आलेल्या जाव्हा भाषेत तर वस्तू असलेला प्रत्येक घटक चिठ्ठीनेच धरलेला असतो. तिथे ‘ला’ आणि ‘कडे’ दिसायला सारखेच दिसतात, आणि भेद लिहिणाऱ्याने मनात ठेवायचा असतो. हल्ली मुले ज्यापासून सुरुवात करतात त्या पायथनचेही तसेच आहे.

‘ला’च्या घटकांचा एक नियम मात्र आधी सांगायला हवा, कारण त्याने मला दोन रात्री जागवले. वस्तू घडताना आधी तिचे घटक घडतात, मग ती स्वतः. आणि घटक कोणत्या क्रमाने घडतात? नमुन्यात ज्या क्रमाने लिहिले असतील त्या क्रमाने. वस्तू घडवणाऱ्या भागात, म्हणजे कन्स्ट्रक्टरमध्ये, तुम्ही घटकांच्या सुरुवातीच्या किमती वेगळ्या क्रमाने मांडल्या तरी भाषा तिकडे लक्ष देत नाही. मी नमुन्यात ‘वय’ हा रकाना वर लिहिला होता आणि ‘जन्मतारीख’ खाली. कन्स्ट्रक्टरमध्ये मात्र आधी जन्मतारीख घडवायची आणि मग तिला विचारून वय भरायचे असे लिहिले. वाचायला ते अगदी बरोबर दिसत होते. प्रत्यक्षात वय आधी भरले जात होते, जेव्हा जन्मतारीख जन्मलीच नव्हती. तिच्या जागी स्मृतीत जो कचरा पडला असेल त्यावरून वय निघायचे. सहा महिन्यांच्या एका बाळाचे वय मी पडद्यावर तेरा हजार वर्षे वाचले आहे. उपाय दोन ओळींची अदलाबदल. अर्थात वय साठवून ठेवणेच चूक होते; ते विचारल्यावर काढायचे असते. वस्तू मोडताना सगळे उलट क्रमाने होते: आधी पूर्ण मोडते, मग शेवटचा घटक, मग त्याच्या आधीचा.

आमच्या घरी दशलक्षण पर्वात तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय वाचतात. पाचव्या अध्यायात अणू आणि स्कंध येतात. स्कंध संघाताने होतो आणि भेदानेही होतो. हा नियम शिकल्यावर त्या वर्षी पाचव्या दिवशी माझे लक्ष वाचनात कमी आणि टर्बो सी प्लस प्लसमध्ये जास्त होते, हे कबूल करते. उपमा याहून ताणण्यात अर्थ नाही.

आता त्या चुकीकडे येते, जिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला.

पूर्वेतिहासाची लांबी सारखी नसते. कोणाचा दोन ओळी, कोणाचा चार पाने. त्या काळच्या कॉम्प्युटरची स्मृती तुटपुंजी. म्हणून मी पूर्वेतिहास रुग्णाच्या पोटातून काढला, वेगळा ठेवला आणि रुग्णाकडे फक्त चिठ्ठी दिली. डिस्कवर जपताना त्या चिठ्ठीच्या जागी पूर्वेतिहासाचा क्रमांक जाई. इथपर्यंत काही बिघडले नव्हते. पण भावंडे आली की पत्ता, आई-वडिलांचे आजार हे सगळे पुन्हा टाइप करायचा कंटाळा येई, म्हणून मी ‘नक्कल’ अशी एक सोय केली. थोरल्याच्या नोंदीची नक्कल करायची, नाव आणि जन्मतारीख बदलायची, झाले धाकट्याचे. नक्कल कशी करायची ते मी लिहिलेच नाही, कारण सी प्लस प्लस ती आपोआप करून देते: प्रत्येक घटकाची जशीच्या तशी नक्कल. तारखेची नक्कल तारीख. पत्त्याची नक्कल पत्ता. आणि चिठ्ठीची नक्कल चिठ्ठी.

आता ही नक्कल काय करते ते वाचकांनी क्षणभर थांबून पाहावे. चिठ्ठ्या दोन झाल्या, पण दोन्हींवर पत्ता एकच. पूर्वेतिहास एकच राहिला.

दोन बहिणी माझ्याकडे येत. थोरली तेव्हा अकरा-बारा वर्षांची. घसा धरला म्हणून तिला दुसरीकडे पेनिसिलिनचे इंजेक्शन दिले गेले आणि तिच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले. आईने मला येऊन सांगितले. मी कागदावर तांबड्या शाईने लिहिले आणि कॉम्प्युटरवरही नोंदवले. पुढे पावसाळ्यात धाकटी खोकला घेऊन आली. तिची नोंद उघडली तर तिथे पेनिसिलिनची ओळ. मी आईला विचारले, “हिलाही गांधी उठल्या होत्या का?”

“नाही हो डॉक्टरबाई, ती थोरली.”

मला वाटले, टाइप करताना माझीच गल्लत झाली असेल. मी ती ओळ पुसली. मी धाकटीच्या नोंदीतून पुसली असे मी समजले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात थोरलीची दाढ काढायची ठरली. दातांच्या डॉक्टरांनी आधीच्या आजारांचा कागद मागितला. त्या कागदाचा मला अभिमान होता. आमच्या पेठेत तेव्हा छापील पूर्वेतिहास देणारा दुसरा दवाखाना नव्हता. मी बटण दाबले, कागद बाहेर आला, घडी घालून आईच्या हातात दिला. त्या बाईंनी तो पिशवीत टाकला असता तर? त्यांनी घडी उघडली, दारातच उभ्या राहून ओळीवर बोट फिरवत वाचला आणि म्हणाल्या, “यात ते पेनिसिलिनचं कुठं दिसत नाही हो.”

मी कपाट उघडून जुना केसपेपर काढला. तांबडी शाई जागेवर होती. छापील कागदावर मी हाताने ती ओळ लिहिली, खाली दोनदा रेघ ओढली आणि सही केली. माझा हात तेव्हा स्थिर नव्हता.

रात्री एसटीडीचे दर उतरल्यावर भाच्याला फोन लावला. सगळे ऐकून त्याने एकच विचारले, “मावशी, नक्कल करताना तू कागदाची नक्कल केलीस की चिठ्ठीची?”

पुढचे आठ दिवस दवाखाना संपल्यावर मी एकेक भावंडांची जोडी काढून कागदाशी ताडून पाहत होते. अशा तेवीस जोड्या निघाल्या. एका जोडीत थोरल्या भावाची गोवर-कांजिण्यांची यादी धाकट्याच्या नावावर होती. एकीत तर याहून वाईट प्रकार होता. थोरला गाव सोडून गेला म्हणून त्याची नोंद मी काढून टाकली होती, आणि तिच्याबरोबर पूर्वेतिहासही गेला होता. धाकट्याकडे उरली नुसती चिठ्ठी, आणि त्या जागी आता तिसऱ्याच कोणाची तरी माहिती बसलेली. दोन्हीकडे कागद नसते तर मला कधीही कळले नसते. म्हणून ती लोखंडी कपाटे मी अजून भंगारात दिलेली नाहीत.

दुरुस्ती काय केली? सी प्लस प्लसमध्ये नक्कल कशी व्हावी हे आपल्याला स्वतः लिहिता येते; त्याला कॉपी कन्स्ट्रक्टर म्हणतात. त्यात लिहायचे, की नवी नोंद होताना पूर्वेतिहासही नवा घडवायचा आणि त्याची चिठ्ठी नव्या नोंदीला द्यायची. नोंद गेली की तिचाच पूर्वेतिहास जावा, दुसऱ्याचा नव्हे. म्हणजे ठेवणे चिठ्ठीने असले तरी वागणे ‘ला’चे. बघा, मी तो ठेवला ‘कडे’च्या पद्धतीने, पण मनात तो ‘ला’चाच होता. ‘हिला पेनिसिलिन चालत नाही’ असेच आपण म्हणतो. ‘हिच्याकडे’ कोणी म्हणत नाही. मराठीत ते वाक्य एकदा मोठ्याने म्हटले असते तर चूक आधीच दिसली असती.

पण मग सामाईक काहीच असू नये का? असावे. आई-वडिलांचे आजार सगळ्या भावंडांना खरोखरच एक असतात. मी ‘कुटुंब’ असा वेगळा क्लास केला. त्यात घराचा पत्ता आणि आई-वडिलांची माहिती ठेवली, आणि प्रत्येक रुग्णाला त्या कुटुंबाची चिठ्ठी दिली. इथे एकच वस्तू सगळ्यांकडे असणे हीच सोय होती. एक कुटुंब शहापुरातून टिळकवाडीत राहायला गेले, मी पत्ता एकदा बदलला, सहाही माणसांचा बदलला. पुढे त्याच घरात वाटण्या झाल्या. धाकटा भाऊ बायको-मुलांना घेऊन अनगोळला वेगळा राहू लागला. तेव्हा त्याच्यासाठी नवे कुटुंब घडवले, त्याच्याकडची जुनी चिठ्ठी काढून नवी दिली. थोरल्याच्या पत्त्याला धक्का लागला नाही. आई-वडिलांच्या आजारांची मात्र नक्कल करावी लागली, कारण वाटणी झाली तरी आई-बाप तेच. शेवटी मी पत्ता आणि कुळाचा इतिहास हे दोन वेगळे घटक केले. हे आधी सुचायला हवे होते. पण कोणते भाग एकत्र राहतील आणि कोणते तुटतील हे घर फुटेपर्यंत कळत नाही.

तो प्रोग्राम काही वर्षांनी नव्या कॉम्प्युटरवर चालेनासा झाला. आता तयार सॉफ्टवेअर आहे, वर्षाचे पैसे भरायचे. विकायला आलेल्या तरुणाला मी एकच प्रश्न विचारला होता: एका रुग्णाची नोंद दुसऱ्यासाठी वापरली आणि दुसऱ्याची बदलली, तर पहिल्याची बदलते का? त्याला आधी प्रश्नच कळला नाही. मी त्याच्यासमोर दोन भावंडांची खोटी नोंद करून पाहिली. नाही बदलली. तेव्हाच पैसे दिले.

ती थोरली मुलगी आता अडतिशीला आली. गेल्या महिन्यात तिच्या मुलाला घेऊन आली होती. नवी नोंद उघडताना पडद्यावर प्रश्न आला, की आईच्या नोंदीतून माहिती घ्यायची का. पत्त्यापुढे मी ‘हो’ दाबले. पूर्वेतिहासापुढे ‘नाही’ दाबले, रकाना कोरा आला, आणि मी तिला पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली: जन्मल्या जन्मल्या रडला होता का?